सिंधुताईंची लॉगबुकी इंग्रजी

सिंधुताई रामटेके यांच्या फ्रिजवर एक चिठ्ठी कायम चिकटवलेली असते आणि ती रोज बदलते. परवाची अशी होती : "मिल्क बॉइल्ड ओव्हर, ६.१०. गॅस पुट ऑफ. ओटा क्लीन्ड अप. हाफ लिटर लेफ्ट." आता दूध उतू गेलं हे वाचायला घरात दुसरं कुणी आहे का? नाही. मुलगा सुमेध नोकरीला बंगळुरूत, नवरा जाऊन सत्तावीस वर्षं झाली. तरीही सिंधुताई लिहितात. घडलेली गोष्ट लिहिली नाही तर ती लपवल्यासारखी होते, असं त्यांचं मत आहे, आणि लपवाछपवीचा त्यांना भयंकर राग आहे.

भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या त्यांच्या क्वार्टरसमोर पेरूचं एक झाड आहे. त्या झाडाखाली स्कूटी उभी दिसली की बाई घरी, नाही तर स्टील प्लांटमध्ये. प्लांटच्या पंप हाऊसमध्ये त्या ऑपरेटर आहेत. आज त्या अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत आणि इंग्रजी बोलायला अजिबात घाबरत नाहीत. पण एके काळी याच इंग्रजीनं त्यांना रडवलं होतं.

गोंदियाजवळच्या गावात त्या बारावीला नापास झाल्या, तेही फक्त चार मार्कांनी आणि फक्त इंग्रजीत. रिकाम्या जागी योग्य शब्द भरा, असा पाच मार्कांचा प्रश्न होता. लुक आफ्टर, लुक इन्टू, लुक फॉर : क्रियापद तेच, पण मागचा चिमुकला शब्द बदलला की अर्थ पार दुसऱ्या गावाला निघून जातो. सिंधुताईंना यातलं काही उमगेना. वैतागून त्यांनी पाचही जागांमध्ये 'ऑफ' लिहून टाकलं. एक तरी बरोबर येईल असा हिशेब होता. एकही आलं नाही.

मग लग्न झालं. नवरा देवीदास भिलाईच्या प्लांटमध्ये फिटर. माणूस गोड, पण अबोल. सुमेध चार वर्षांचा असताना देवीदासच्या छातीत दुखू लागलं. पंधरा दिवस तो छाती चोळत ड्यूटीवर गेला, आला, जेवला, झोपला. विचारलं तर म्हणायचा, गॅस झाला. सोळाव्या दिवशी गेला. सिंधुताईंचं रडणं यथावकाश ओसरलं. राग मात्र आजही ताजा आहे आणि तो त्या चारचौघांत बोलून दाखवतात.

"पंधरा दिवस माया ताटात जेवला, पन एक शब्द नाई बोलला. सांगतला असता तं मी काही तं केलं असतं ना," त्या म्हणतात.

नवऱ्याच्या जागी त्यांना नोकरी मिळाली. सुरुवातीला काम झाडूपोछ्याचं आणि सायबांना पाणी देण्याचं. तिथे शालिकरामजी नावाचे जुने ऑपरेटर होते. शिक्षण आठवी, आणि इंग्रजी सगळी लॉगबुकातून आलेली. लॉगबुक म्हणजे शिफ्टमध्ये काय काय झालं ते लिहायची जाड वही. एकदा सिंधुताई ती वही चोरून वाचत असताना त्यांनी पाहिलं. रागावतील असं वाटलं होतं, पण ते पंपाकडे बोट दाखवून म्हणाले, "पंप एकच आहे पोरी. पुढचा व्हॉल्व्ह कोन्या बाजूले उघडला, त्यावर पानी कुठं जाईन ते ठरते. 'पुट' तेच. पुट ऑन केलं तं पंप चालू, पुट ऑफ केलं तं बंद. अन् आग लागली तं पुट आउट. आता तू सांग."

शाळेच्या इतक्या वर्षांत जे झालं नाही ते वर्षभरात झालं. ट्रिप झालं म्हणजे आपोआप बंद पडलं, कट इन झालं म्हणजे आपोआप सुरू झालं, टॉप अप केलं, वॉर्म अप केलं : सिंधुताईंना हे शब्द आता पाठ करावे लागत नव्हते, ते डोळ्यांसमोर घडत होते. पुढे त्या लॉगबुक लिहू लागल्या, परीक्षा देऊन ऑपरेटर झाल्या. एवढंच की त्यांची इंग्रजी ही लॉगबुकाची इंग्रजी. तिच्यात 'मी' नाही, 'तू' नाही. बाजारातून आल्या की फोनवर मुलाला सांगणार, "वेंट टू सुपेला. भाजी पिक्ड अप. ऑटो ब्रोक डाउन. केम बॅक वॉकिंग." सुमेधचे मित्र हसायचे. सिंधुताई म्हणायच्या, समजलं ना, मग झालं तर.

शालिकरामजींनी आणखी एक गोष्ट शिकवली होती. शिफ्ट संपताना चार्ज कसा द्यायचा, म्हणजे पुढच्या माणसाच्या हाती काम कसं सोपवायचं. "जे बरं चालू आहे, ते एका वाक्यात सांगाचं. जे बिघडलं आहे, ते पुरं सांगाचं. अन् समोरचा 'टेकन ओव्हर' म्हनेस्तोवर खुर्ची सोडाची नाई. घरी पाव्हने येवो का पानी येवो." देवीदासचा राग मनात धुमसत असताना हा नियम कानावर पडला आणि तो सिंधुताईंच्या अंगातच भिनला. सत्तावीस वर्षांत त्यांनी एकही बिघाड न सांगता खुर्ची सोडलेली नाही.

तर अशा या बाईंच्या मुलाचं लग्न ठरायची वेळ आली.

मुलगी जिन्सी, केरळची. सुमेधच्याच ऑफिसात. पोरांचं एकमेकांवर मन बसलेलं, तिच्या वडिलांचा होकार आलेला. अडलं होतं ते तिच्या आईपाशी. सुमेधनं फोनवर सांगितलं, "आई, तिची मम्मी हो बोलली नाही अजून. ती म्हणते, पहले लडके की माँ से बात करूँगी. डायरेक्ट. बीच में कोई ट्रान्सलेशन नहीं. अन् तिले हिंदी येत नाही."

"मंग इंग्लिशमंदी बोलीन," सिंधुताई म्हणाल्या.

मग सुमेध हळूच म्हणाला, "आई, तू नं... कम बोलजो. बस नमस्ते, चाय, अन् स्माईल."

या सावधगिरीला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी सुमेध आधीची नोकरी सोडून अचानक घरी आला होता आणि आठ महिने याच क्वार्टरच्या आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. बोलणं नाही, जेवणात लक्ष नाही, दाढी वाढलेली. सिंधुताईंनी त्याला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं, गोळ्या वेळेवर दिल्या, रोज संध्याकाळी पेरूच्या झाडापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत, मग मैदानापर्यंत चालवलं. तो सावरला, नवी नोकरी लागली. जिन्सीला त्यानं हे सगळं सांगितलेलं होतं. पण तिच्या आईला सांगायचं नाही, असं दोघांनी ठरवलं होतं.

आणि या ठरावाला सर्वांत मोठा पाठिंबा होता राजकुमार भाऊजींचा. देवीदासचे धाकटे भाऊ, रेल्वेतून निवृत्त, राहायला दुर्गला. घरातल्या सगळ्या सोयरिकी आपल्यामुळेच जमल्या असं त्यांना मनापासून वाटतं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी ते मुद्दाम येऊन बजावून गेले.

"वहिनी, हे काही पंप हाऊस नोहोय. इथं खराबी सांगत नसतेत. एकदा लग्न लागलं, मंग हळूहळू सांगता येते."

सिंधुताईंनी मान हलवली. त्या मानेचा अर्थ हो असा होता की नाही असा, हे भाऊजींनी विचारलं नाही. ते गेल्यावर सिंधुताई एक कोरी वही घेऊन बसल्या. आयत्या वेळी इंग्रजी अडायला नको, म्हणून सगळं आधी लिहून काढलं. दोन पानं झाली. दुसऱ्या पानावर त्या बराच वेळ थांबल्या, एक शब्द लिहिला, खोडला, त्याच्यावर दुसरा लिहिला.

रविवारी दुपारी चारला जिन्सी आईवडिलांना घेऊन आली; सुमेध आणि भाऊजी आधीच घरात हजर होते. जिन्सीचे वडील थॉमस उंच आणि मितभाषी. त्यांनी आल्याआल्या पेरूच्या झाडाची पाहणी केली आणि समाधानानं आत येऊन बसले. आई लीलाम्मा बुटक्या, ताठ, केस घट्ट बांधलेले. एका सरकारी इस्पितळात चौतीस वर्षं नर्स, त्यातली शेवटची बारा वॉर्डाची सिस्टर. त्यांनी खोलीवरून एकदा नजर फिरवली : बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, घडी करून ठेवलेलं वर्तमानपत्र. मग खुर्चीत बसून त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, जणू राउंड सुरू झाली.

आलूबोंडे झाले, एक चहा झाला. सिंधुताईंनी दुसऱ्या चहासाठी मंद आचेवर दूध ठेवलं आणि त्या बाहेर येऊन खुर्चीत बसल्या. तेवढ्यात राजकुमार भाऊजींनी आघाडी उघडली होती.

"सुमेध व्हेरी गुड बॉय. नो बॅड हॅबिट. फ्रॉम चाइल्डहुड, नो प्रॉब्लेम. एनी प्रॉब्लेम, नेव्हर."

लीलाम्मांनी ते पेशंटच्या नातेवाइकाचं ऐकावं तसं ऐकून घेतलं. मग त्या सिंधुताईंकडे वळल्या. "नाऊ मदर विल टेल."

सुमेधनं आईकडे पाहून डोळ्यांनी विनवलं : स्माईल. सिंधुताईंनी स्माईल केलं, आणि टेबलाखालून वही काढली. भाऊजींच्या हातातला आलूबोंडा तिथेच थांबला.

सिंधुताईंनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. "कंडिशन : रनिंग ओके. गेट्स अप लेट. वेट टॉवेल लेफ्ट ऑन बेड, डेली. गेट्स हीटेड अप, बट कूल्स डाउन इन हाफ अवर, नो हेल्प रिक्वायर्ड. सिगारेट टेकन अप, गिव्हन अप, अगेन टेकन अप, अगेन गिव्हन अप. सिन्स फोर्टीन्थ एप्रिल, ऑफ."

सुमेधच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. जिन्सी ओठ घट्ट मिटून छताकडे बघत होती. भाऊजींनी वहिनींच्या खुर्चीच्या पायाला हळूच लाथ मारली. नवऱ्या मुलाची अशी ओळख त्यांनी चाळीस वर्षांत जमवलेल्या एकाही सोयरिकीत कुणी करून दिली नव्हती.

लीलाम्मा मात्र पुढे झुकल्या होत्या. त्यांनीही पर्समधून चष्मा काढून लावला होता. "गो ऑन," त्या म्हणाल्या.

सिंधुताईंनी पान उलटलं. त्या पानावरच्या ओळी पाहिल्या. आणि आयुष्यात पहिल्यांदा, चार्ज देताना, त्यांची जीभ अडकली. पंपाचा बिघाड सांगताना पंपाला काही वाटत नसतं. इथे पोटचा पोरगा समोर बसला होता, आणि आपण पुढची ओळ वाचली तर त्याचं लग्न मोडू शकतं, हे त्यांना लख्ख दिसत होतं. त्यांनी वही मिटली.

"दॅट इज ऑल," त्या म्हणाल्या.

भाऊजींनी सुटकेचा निःश्वास टाकला. लीलाम्मांनी टाकला नाही. चौतीस वर्षं त्यांनी शिफ्ट बदलताना शेकडो नर्सचे रिपोर्ट ऐकले होते. कुठली नर्स कुठला बेड गाळून पुढे गेली, हे त्यांना आवाजावरून कळायचं.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, अगदी शांतपणे, "वन पेज यू टर्न्ड ओव्हर. देन यू क्लोज्ड. व्हॉट यू लेफ्ट आउट?"

"नथिंग, नथिंग," भाऊजी उठलेच. "टेक वन मोअर आलूबोंडा, मॅडम."

मॅडमनी हातानंच बोंडा बाजूला केला. पंखा घरघरत होता. सिंधुताईंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दारातून आतल्या भिंतीवरचा देवीदासचा फोटो दिसत होता, त्याच अबोल, गोड चेहऱ्याचा. पंधरा दिवस. मग त्या मुलाकडे वळल्या.

"सुमेध, हे तुयं आहे, मायं नोहोय. वाचू का नोको, तूच सांग."

सुमेध खाली मान घालून बसला. त्या वेळात आतून दुधाचा वास येऊ लागला होता आणि सिंधुताईंना तो आलाही होता. पण त्या हलल्या नाहीत. शेवटी सुमेध उठला, आईच्या हातून वही घेतली आणि उभ्याउभ्याच स्वतः वाचू लागला.

"टू इयर्स बॅक. एट मन्थ्स..." तिथे एक शब्द खोडलेला होता. 'ब्रेक डाउन.' त्याच्यावर आईनं ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'शट डाउन फॉर रिपेअर.'

प्लांटच्या घरात वाढलेल्या पोराला या दोन शब्दांमधलं अंतर सांगावं लागत नाही. ब्रेक डाउन म्हणजे मशीन बंद पडलं, आता लोक धावतील, शिव्या देतील. शट डाउन म्हणजे मशीन कामाचं आहे, मोलाचं आहे, म्हणून आपण होऊन थांबवलं, उघडलं, नीट केलं. आठ महिने तो स्वतःला पहिला शब्द लावत आला होता. आई बाहेरच्या खोलीत बसून दुसरा लावत होती, हे त्याला आज कळलं.

"नॉट गोइंग आउट. नॉट टॉकिंग," तो पुढे वाचू लागला. "टेकन टू डॉक्टर. मेडिसिन गिव्हन ऑन टाइम. टेकन आउट फॉर वॉक. स्लोली स्टार्टेड अप. नाऊ रनिंग ऑन फुल लोड. मदर..." त्यानं वहीवरून नजर उचलून आईकडे पाहिलं. "मदर लुकिंग आफ्टर."

थॉमस यांनी चहाचा कप अलगद खाली ठेवला. भाऊजींनी मनातल्या मनात ही सोयरीक मोडली असं समजून कपाळाला हात लावला.

लीलाम्मांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. कुठली गोळी? किती दिवस? बंद कुणी केली, डॉक्टरांनी की स्वतः? झोप आता कशी? सुमेधनं प्रत्येकाचं सरळ उत्तर दिलं. गोळी डॉक्टरांनीच कमी करत करत बंद केली. झोप चांगली. तीन महिन्यांनी एकदा अजून दाखवून येतो. शेवटच्या उत्तरावर लीलाम्मांनी मान डोलावली आणि भाऊजींकडे बोट केलं.

"दिस जेंटलमन सेड, नो प्रॉब्लेम. इन माय वॉर्ड, पेशंट विथ नो प्रॉब्लेम, दॅट बेड आय गो फर्स्ट."

मग त्यांनी वहीसाठी हात पुढे केला. पेन त्यांच्या पर्समध्येच होतं. सुमेधच्या पानाखाली एक रेघ मारून त्या लिहू लागल्या, आणि लिहिता लिहिता वॉर्डात वाचतात तसं वाचू लागल्या. "जिन्सी. फीमेल, ट्वेंटी नाइन इयर्स. मॅरेज फिक्स्ड, कॉल्ड ऑफ बाय बॉइज पार्टी, थ्री इयर्स बॅक. वन इयर नॉट ईटिंग वेल, नॉट सिंगिंग. केम थ्रू. व्हेन हर्ट, डझ नॉट स्पीक आउट. टु बी आस्क्ड ट्वाइस. ऑनलाइन शॉपिंग : नॉट अंडर कंट्रोल."

"अम्मा," म्हणत जिन्सीनं ओढणीत तोंड लपवलं. ती हसत होती की रडत होती कोण जाणे, बहुधा दोन्ही. थॉमस पहिल्यांदाच बोलले. "शॉपिंग, आय अ‍ॅग्री," एवढंच.

सिंधुताईंना सगळं समजलं होतं, शब्द न् शब्द. मोडलेलं लग्न, न जेवणारी पोरगी, आणि दाराबाहेर ताट घेऊन उभी राहिलेली ही बुटकी, ताठ बाई. त्यांना आपलं आतल्या खोलीचं दार आठवलं. डोळे भरून आले तशा त्या म्हणाल्या, "विल आस्क ट्वाइस. थ्राइस आल्सो."

लीलाम्मांनी मनगटावरचं घड्याळ पाहून वहीत वेळ टाकली, १७.४०. "अवर हॉस्पिटल आल्सो, सिस्टर. विदाउट हँडिंग ओव्हर, नोबडी गोज होम." मग सुमेधच्या नोंदीखाली वळणदार अक्षरात 'टेकन ओव्हर' लिहिलं, खाली सही केली आणि वही सिंधुताईंकडे सरकवली.

सत्तावीस वर्षांत सिंधुताईंनी अशा हजारो सह्या केल्या असतील. पण जिन्सीच्या नावाखाली सही करण्याआधी त्यांनी सगळं पान पुन्हा एकदा वाचलं. लग्न विहारात की चर्चमध्ये, जेवणात मटण की मासे, यावर पुढे दोन महिने फोन चालले आणि त्या फोनांमध्ये राजकुमार भाऊजींनी ही सोयरीक आपण कशी जमवली ते सगळ्यांना सांगितलं. पण ते नंतरचं.

सही झाली तेव्हा कुठे सिंधुताई खुर्ची सोडून उठल्या. स्वयंपाकघरात दूध केव्हाच उतू जाऊन ओट्यावरून फरशीवर उतरलं होतं. त्यांनी गॅस बंद केला, फडकं घेतलं, आणि पुसता पुसता भिंतीवरच्या फोटोकडे मान वर करून पाहिलं.

"पाह्यलं?" त्या देवीदासला म्हणाल्या. "असं सांगाचं असते. सांगतलं म्हून कोनी मरत नाई."